पडल्यानंतरचा तुकडा

आमच्या पैजेच्या दुकानात जो फुटबॉल चालतो तो कुणी खेळत नाही. मैदान नाही, गवत नाही, घाम नाही. यंत्र आधी निकाल ठरवतं, आणि मग तो लोकांना पटावा म्हणून पडद्यावर चित्रं दाखवतं. हे आमच्या मोलेटे भागातल्या नाक्यावरच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. तरी सकाळी मी शटर वर करते तेव्हा दाराशी दहा-बारा गडी ताटकळत असतातच, आणि त्यातला प्रत्येक जण यंत्राची खोड आपल्यालाच कळली म्हणून आलेला असतो.

मी आयोका. जाळीच्या खिडकीमागे बसायचं, पैसे घ्यायचे, तिकीट द्यायचं, एवढंच माझं काम. पण जाळीतून माणसं फार नीट दिसतात. तोंडावर जाळी आहे म्हटल्यावर समोरच्याला वाटतं, हिला काही दिसतच नसेल.

आमच्यातला सगळ्यात मोठा जाणकार म्हणजे तिजानी शिंपी. गळ्यात मोजायची टेप तशीच लटकत असते, कुणाची तरी पँट अर्धी शिवून टाकून आलेला असतो. त्याला सगळे प्रोफेसर म्हणतात. गोलकीपर थुंकला की पुढच्या सामन्यात गोलांचा पाऊस. सकाळच्या पहिल्या सामन्यावर पैसे लावायचे नाहीत, कारण यंत्र उपाशी असतं. दुपारी पोट भरलं की ओकतं, तेव्हा लावायचे. असे त्याचे नियम.

"काय प्रोफेसर, काल तर म्हणाला होतास निळे जिंकणार म्हणून," मी एकदा विचारलं.

"जिंकणारच होते गं. यंत्राने माझं तिकीट बघितलं."

दुसरा सकिरू. मोटारसायकलवर भाड्याने माणसं सोडतो. त्याचा एकच नियम: हरलो की पुढच्या वेळी दुप्पट लावायचे. दुप्पट लावता लावता त्याच्या गाडीचा आधी आरसा विकला गेला, मग दुसरा आरसा. आता मागून कोण येतंय ते त्याला दिसत नाही, आणि पुढे काय आहे ते तर कधीच दिसलं नव्हतं. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडते, पण आमच्या दुकानात त्या कावळ्याची पूजा होते.

आणि तिसरे बाबा दिरान.

बाबा दिरान नियमबियम काही मानत नव्हते. सगळ्यात स्वस्त तिकीट घ्यायचे, कुठल्याही संघाचं. तिकीट असेल त्यालाच खुर्ची, असा कंपनीचा हुकूम आहे; त्या खुर्चीपुरतं तिकीट. सकाळी ते आले की मी जाळीमागे का होईना, गुडघे टेकायची. आमच्याकडे मुलीने वडीलधाऱ्यांपुढे गुडघे टेकायचे, आणि त्यांनी 'ऊठ' म्हटल्याशिवाय उठायचं नाही. टोपी सारखी करत ते म्हणायचे, "ऊठ, माय, ऊठ. गुडघे दुखतील तुझे." मला ते माय म्हणत. मग भिंतीकडेची खुर्ची धरून पडद्याकडे बघत बसायचे. जिंकले तरी कधीकधी तिकीट खिशातच राहून जायचं. मीच आठवण करायची, "बाबा, पैसे घ्या की तुमचे."

"असू दे. उद्याच्या खुर्चीत वळते कर."

लोक टवाळी करायचे. सकिरू म्हणायचा, "बाबा, घरी टीव्ही नाही काय? का सुनेने हाकललंय?" ते हसायचे. हसताना त्यांचे डोळे पडद्यावरून हलत नसत.

एकदा भर दुपारी वीज गेली. जनरेटरमध्ये तेल नव्हतं, लोक शिव्या घालत सावलीला गेले. बाबा तेवढे काळ्या पडद्यासमोर बसून राहिले. मी अकाराची, चवळीच्या तळलेल्या वड्यांची, पुडी घेऊन बाहेर आले, दोन त्यांच्या हातावर ठेवले आणि विचारलंच, "बाबा, खरं सांगा, तुम्ही बघता तरी काय?"

अकारा हातात तसाच धरून ते म्हणाले, "तो एक पोरगा आहे ना, गोलकीपरला चकवून पुढे जातो आणि पाय घसरून पडतो?"

आहे. यंत्रात चित्रांचे ठरलेले तुकडे आहेत, तेच तेच फिरून येतात. फक्त सदऱ्याचा रंग बदलतो. हा पोरगा कधी लाल संघात असतो, कधी निळ्या. चेंडू बाहेर जातो, तो पडतो, क्षणभर तसाच राहतो, मग उठतो, गुडघे झटकतो आणि प्रेक्षकांकडे हात वर करतो. मी तो इतक्यांदा पाहिला होता, की आता मला दिसतही नव्हता.

"तो दिरान आहे," बाबा म्हणाले.

 त्यांचा थोरला मुलगा दिरान मेला होता हे नाक्यावर सगळ्यांना माहीत होतं. तो गेल्यावर लोकांनी त्यांना नुसतं 'बाबा' म्हणायला सुरुवात केली होती. आमच्याकडे बापाला पोराच्या नावाने हाक मारायची रीत, आणि पोर तर मातीत, मग जीभ अडखळायची. पण त्या दिवसांत नुसत्या 'बाबा'ला त्यांनी ओ दिली नाही. पुरं 'बाबा दिरान' म्हटलं तरच मान वळायची; ते नाव पुन्हा रुळल्यावरच नुसतं 'बाबा' चालू लागलं.

"मोटार मेकॅनिकांच्या संघातून खेळत होता त्या दिवशी," ते सांगू लागले. "तो काय, बोलावेल त्याच्याकडून खेळायचा. आज लाल सदरा, उद्या निळा. मी रेघेपाशी उभा होतो. असाच पुढे गेला, गोलकीपरला चकवलं, आणि पडला. कुणी हातसुद्धा लावला नव्हता. मला वाटलं, नाटक करतोय, पेनल्टी मागतोय. मी ओरडलो, माय. ऊठ, म्हटलं. ऊठ, नाटकं करतोस काय? सगळ्या मैदानाला ऐकू जाईल असा ओरडलो. पोरं हसली सुद्धा."

अकाराचं तेल त्यांच्या मनगटावर ओघळत होतं.

"त्याचं काळीज थांबलं होतं म्हणे. पोरांनी उचलून नेला. मी मागे धावलो, तर म्हाताऱ्यांनी मला धरलं, घरी आणून बसवलं. तुला ठाऊकच आहे."

ठाऊक होतं. पोराच्या मातीला बापाने जायचं नाही. पोराचं थडगं बापाच्या डोळ्यांना दिसू द्यायचं नाही. त्याच्या बरोबरीची पोरं पुरून येतात, आणि आईबाप घरात भिंतीकडे तोंड करून बसतात. ही रीत कुणी दयाळू माणसानेच घातली असणार. पण मग बापाकडे उरतं काय? बाबा दिरानकडे पोराचं शेवटचं काय उरलं होतं, तर तो पालथा पडलेला, आणि आपलाच आवाज.

"मग एकदा फोनचं रिचार्ज घ्यायला इथे शिरलो," ते म्हणाले, "तर वर तो. पडला. तसाच, हात अंगाखाली. माझा जीव गोळा झाला. आणि मग तो उठला, माय. गुडघे झटकले. हात केला मला." त्यांनी आता कुठे अकारा तोंडात घातला. "तो नाही, हे मला कळतं. मी वेडा नाही. पण उठतो तो."

तेवढ्यात वीज आली. मी जाळीमागे गेले आणि नोटा सारख्या करत बसले, कारण रडणारी कॅशियर कंपनीला चालत नाही.

त्या दिवसापासून तो तुकडा आला की मीही बघायची. पडला, क्षणभर तसाच, उठला. बाबांचे खांदे खाली यायचे. मी श्वास सोडायची.

मग कंपनीने सामने आखूड केले. विभागाचा साहेब फोनवर आनंदाने सांगत होता, "लोकांना आता धीर राहिलेला नाही आयोका, सगळीकडे हीच चाल आहे. सामना निम्म्यावर आणला की तासाला तिकिटं दुप्पट." एका संध्याकाळी माणूस आला, यंत्राला काहीतरी जोडलं, आणि दुसऱ्या सकाळी सगळं बदललेलं. चित्रं पटापट. गोलकीपर थुंकायलाच तयार नाही. प्रोफेसर तर डोक्याला हात लावून बसला. "अख्खं शिक्षण वाया गेलं रे," म्हणाला. सकिरूने दुप्पट लावले आणि दुप्पट वेगाने हरला.

दुपारच्या आत तो तुकडा आला. पोरगा पांढऱ्या सदऱ्यात होता. गोलकीपरला चकवलं, घसरला, पडला. आणि पडद्यावर पुढच्या सामन्याचे पैजेचे भाव लागले.

बाबा थांबले. पुन्हा कधीतरी तो आला, पडला, भाव लागले. तिसऱ्यांदाही तसंच झालं, तेव्हा ते उठून खिडकीशी आले.

"माय, पुढचं?"

"पुढचं काढलंय, बाबा. सामने लहान केलेत."

"कुणी काढलं?"

 "कंपनीने," मी म्हणाले. ते पडद्याकडे वळून बघत राहिले. "पण मग तो तसाच राहिला की गं."

मी मदतीच्या नंबरवर फोन लावला. खूप वेळ गाणं वाजलं. मग एका गोड आवाजाच्या पोराने विचारलं, ग्राहकाचं कुठलं तिकीट अडकलंय? तिकीट नाही, म्हटलं, एक चित्र आहे, पडलेला माणूस उठायचा, तो आता उठत नाही. तो हसला नाही, एवढं खरं. म्हणाला, "मॅडम, त्याने निकालात काही फरक पडत नाही." मी फोन इतक्या जोरात ठेवला की बाहेरचे वळून बघायला लागले.

दोन दिवस बाबा नुसते बसून होते. तिसऱ्या दिवशी तो पोरगा पडला, भाव लागले, आणि बाबा पुढच्या खुर्चीची पाठ धरून उभे राहिले. वाकून गुडघे झटकले. मग उजवा हात वर केला, कुणाला तरी हाक दिल्यासारखा. आणि खाली बसले.

"बाबा, मोरी त्या बाजूला!" सकिरू ओरडला. सगळे खो खो हसले.  बाबा पुढच्या वेळी पुन्हा उठले. त्याच्या पुढच्या वेळीही. पडद्यावर जे कापलं होतं ते म्हातारा आपल्या अंगाने पुरं करत होता. गुडघे सुजलेले, उठायला खुर्चीचा आधार लागायचा, तरी एकही वेळ चुकवत नव्हता.

हसणं थांबलं, पण लाज वाटून नव्हे. प्रोफेसरने शोध लावला म्हणून थांबलं.

"बघितलंत का?" टेप गळ्यातून काढून हातावर गुंडाळत त्याने सगळ्यांना जवळ बोलावलं. "म्हातारा उठला की पुढचा सामना बरोबरीत. काल झाला, परवा झाला."

"आज सकाळी नाही झाला," कुणी तरी म्हणालं.

"सकाळी तो नीट उठला नव्हता. हात वर केला नाही पुरता."

झालं. त्या दिवसापासून पोरगा पडला की कुणी पडदा बघेना, सगळ्यांच्या माना बाबांकडे. ते उठले, हात वर गेला, की खिडकीवर झुंबड. "बरोबरी! बरोबरी दे आयोका, लवकर!" चुकलं तर म्हणायचे, आज डावा पाय आधी टेकला. बरोबर आलं की बाबांच्या नावाचा जयघोष. पलीकडच्या बाजारातल्या दुकानांतली माणसंही आमच्याकडे यायला लागली. बाबांची खुर्ची मधोमध आली, पंख्याखाली. कुणी अकारा आणायचं, कुणी थंड पाण्याची पिशवी. तिकीट तर त्यांना घ्यावंच लागेना.

आणि बाबांना काय वाटलं, ठाऊक आहे? त्यांना वाटलं, लोकांना कळलं.

संध्याकाळी जाताना ते जाळीपाशी आले. चेहरा इतका उजळलेला मी कधी पाहिला नव्हता. "बघितलंस ना माय? तो पडला की सगळे गप्प होतात. सगळे थांबतात त्याच्यासाठी. मी उठलो की कसे ओरडतात! त्या दिवशी मैदानावर एवढी माणसं असूनही त्याच्यासाठी कुणी असं ओरडलं नव्हतं." मग हळूच म्हणाले, "तू सांगितलंस ना त्यांना? भलं होईल तुझं."

मी कुणालाच काही सांगितलं नव्हतं.  मी मान खाली घातली, आणि त्यांनी ती होकारार्थी धरली. घरी जाऊन मी भावावर उगाच खेकसले, भांडी आपटली. दुसऱ्या दिवशी प्रोफेसरला मात्र बाजूला घेतलं. "तो म्हातारा पोरासाठी उठतो रे. त्याचा दिरान असाच पडून गेला. लाज वाटू दे जरा."

 प्रोफेसरच्या कपाळावर आठी पडली. वाईट माणूस नाही तो. मग म्हणाला, "म्हणजे पोराचा आत्मा सांगतो त्याला? तरीच!"



तो दिवस शनिवारचा होता. वाळवंटाकडचा कोरडा वारा सुटला होता, धूळ घसा खरवडत होती, आणि अशा हवेत बाबांचे सांधे धरायचे. आले तेच भिंतीचा आधार घेत. दुकान गच्च भरलेलं. सकिरू सकाळपासून सारखा हरत होता. आता गाडीच जाते की राहते, इथवर आलं होतं. नोटा मुठीत धरून तो बाबांच्या खुर्चीला चिकटून उभा होता.

पोरगा पडला. लाल सदऱ्यात होता तो.

सगळे वळले. बाबांनी पुढच्या खुर्चीची पाठ धरली. जोर लावला. अंग थोडं वर आलं आणि पुन्हा खाली बसलं. त्यांनी पुन्हा जोर लावला. मानेच्या शिरा तटतटल्या. गुडघे ऐकेनात.

"उठा, बाबा!" मागून कुणी ओरडलं.

"उठा, उठा! वेळ संपतोय!"

"हात तरी वर करा!"

सगळं दुकान ओरडायला लागलं. सकिरूने त्यांचा दंड धरून हिसडा दिला. "उठा की! नाटकं करताय काय?"

बाबांनी त्याच्याकडे पाहिलं. जाळीतून मला त्यांचा चेहरा सरळ दिसत होता. तो चेहरा राग आलेल्या माणसाचा नव्हता. कुणीतरी खूप जुनी हाक आत्ता कानाशी येऊन मारावी, तसा होता. त्यांनी खुर्चीची पाठ सोडली आणि हात मांडीवर ठेवले.

वेळ संपला. कुणालाच तिकीट घेता आलं नाही. सामना सुरू झाला, शिव्या सुरू झाल्या, आणि बघता बघता पडद्यावर एका संघाचे दोन गोल झाले, समोरच्याचा एकही नाही.

बरोबरी झाली नाही.

 मग प्रोफेसर खुर्चीवर चढला. "बघा! तो उठला नाही, बरोबरी झाली नाही! त्याला माहीत होतं! वाचवलं रे म्हाताऱ्याने!" आणि सगळं दुकान नाचायला लागलं. सकिरू, ज्याची गाडी वाचली होती, तो बाबांच्या पायाशी लोटांगण घालून रडत होता. "बाबा, देव आहात तुम्ही. मी ओरडलो, माफ करा. तुम्ही मुद्दामच उठला नाहीत ना? मुद्दाम ना?"

मी दार उघडून बाहेर आले. कंपनीचा नियम गेला खड्ड्यात. दोन माणसांना ढकलून त्यांच्यापाशी पोचले, खांद्याखाली हात घातला. हळूहळू उभे राहिले ते. दारापर्यंत नेलं. बाहेर उन्हात त्यांनी टोपी सारखी केली. मागे अजून आरोळ्या चालू होत्या.

"ते त्याच्यासाठी ओरडत नव्हते," ते म्हणाले.

"नाही, बाबा."

"मुद्दाम उठत नाही, असं त्यांना वाटलं."

"हो."

"मलाही तसंच वाटलं होतं, माय." त्यांचा आवाज फुटला. "त्याने केला असेल ना गं प्रयत्न? मी ओरडत होतो तेव्हा तो आतून जोर लावत असेल. बापाचा आवाज ऐकू येत असेल, आणि अंग उठत नसेल."

 मी त्यांचा हात धरून उभी राहिले, आणि दोघंही धुळीत रडलो. मग ते भिंतीच्या कडेकडेने गेले.

त्यानंतर ते दुकानात आले नाहीत. प्रोफेसरने काही दिवस खुर्ची अडवून ठेवली, मग तिच्यावर दुसरं कुणी बसलं. आता म्हणे कोपऱ्यातला पंखा थांबला की पाहुणा संघ जिंकतो.

परवा रविवारी मी त्यांच्या घरी गेले. गल्लीच्या टोकाला, मोटारतळाच्या मागे. सावलीत बाक टाकून बसले होते, गुडघ्यांना फडकी बांधलेली. मी चप्पल काढली, वाटेवरच दोन्ही गुडघे टेकले आणि मान लववून थांबले. त्यांनी 'ऊठ, माय' म्हणायचं आणि मी उठायचं.

त्यांनी तोंड उघडलं, पण तो 'ऊठ' बाहेर आला नाही. मी तशीच थांबले. मग बाक करकरला. ते उठले होते, फडकी बांधलेल्या गुडघ्यांनी, एक एक पाऊल टाकत. माझ्यापाशी आले, वाकले, आणि दोन्ही हात पुढे करून उभे राहिले. मी ते धरले आणि उठले.